रॉडवरची प्लेट उतरवताना

पन्नाशी ओलांडलेली माणसं जिम का सोडतात यावर मी बरीच वर्षं विचार करत आलोय आणि माझं मत आता पक्कं झालंय. गुडघे, कंबर, बीपी, शुगर, पोरीचं लग्न, ही सगळी कारणं खरी आहेत पण ती नंतर येतात. पहिलं कारण रॉडवर असतं. ज्या माणसानं तिशीत नव्वद किलोची बेंच (बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरनं वर ढकलायचा) मारलीय त्याला पंचावन्नाव्या वर्षी पंचेचाळीस लावून झोपवत नाही. शेजारचं कॉलेजचं पोरगं बघतंय असं वाटतं, खरं तर पोरगं आपल्या मोबाईलमध्ये असतं, पण वाटतं ते वाटतंच. मग आठवड्यातनं एकदाच येणं होतं, मग "दिवाळी झाली की रेग्युलर सुरू करतो" होतं, मग गाडी बाहेर उभी करून दारातनंच "काय, चाललंय का जोरात?" विचारून माणूस निघून जातो. माझे कितीतरी दोस्त असे गेले. आजारपणानं नाही, कमी वजन लावायची लाज वाटली म्हणून गेले. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ज्या वयात लोखंडाची खरी गरज लागते नेमकं त्याच वयात ही माणसं लोखंड सोडतात.

मी आता सदुसष्ट वर्षांचा आहे. सांगलीत गावभागात राहतो, मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून आयुष्य गेलं, आणि माझा उजवा पाय पोलिओचा आहे. दोन वर्षांचा असताना ताप आला, चार दिवसांनी ताप उतरला आणि पाय गेला, आईनं सांगितलेलं इतकंच. त्या वेळी डोस कुठला? सरकारी लसीकरणात पोलिओचे थेंब आले १९७९ साली, पल्स पोलिओ सुरू झालं १९९५ ला, आणि नैसर्गिक पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मध्ये, हावड्याला. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला तेव्हा मी पेढीवर सगळ्यांना पेढे वाटले होते. आज आमच्या जिममध्ये पोलिओचा पाय असलेला मी एकटाच आहे आणि माझ्यामागनं तसा कुणी येणार नाही, याच्याइतकी चांगली बातमी माझ्या आयुष्यात दुसरी नाही.

आमच्या लहानपणी या भागात पोरगं म्हणजे तालीम हे ठरलेलंच. कवठेपिरानच्या मारुती मान्यांनी १९६२ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये सोनं जिंकलं होतं, ते पुढं हिंदकेसरी झाले, आणि तिकडं कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलेलं, त्यामुळं घराघरात आपला पोरगा मातीत उतरला पाहिजे असं वाटायचं. माझी भावकीतली सगळी पोरं जायची आणि मी तालमीच्या दारातल्या कट्ट्यावर बसून बघायचो. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घातलेला असतो त्याचा एक वास असतो, तो अंगाला न लागता नुसता नाकात गेला की फार जीव तुटतो, हे ज्याच्यावर वेळ आलीय त्यालाच कळेल. कुस्तीला पायच लागतात. पट काढायचा, ढाक मारायची, नुसतं उभं राहून रेटायचं म्हटलं तरी दोन पाय पाहिजेत. मी हे कुणालाही न विचारता समजून घेतलं होतं आणि म्हणून आत जायचं नाव काढलं नव्हतं.

वस्तादांनीच एक दिवस हाक मारली. "काय रं, रोज बाहीर बसून काय बघतोस?" मी गप्प. मग ते म्हणाले, "पाय न्हाई तर ऱ्हाऊ दे, खांदं हायत न्हवं? घे ती जोडी." आणि कोपऱ्यातले मुद्गल दाखवले. उभं राहून फिरवायला गेलो तर तोल जायचा, म्हणून त्यांनी दगडी कट्ट्यावर बसवलं, पाठ भिंतीला लावू दिली नाही, आणि बसल्या बसल्या एकेका हातानं फिरवायला शिकवलं. मुद्गल फिरवताना वजन मागं जातं तेव्हा पाठ, पोट, बरगड्या सगळं धरून ठेवायला लागतं, नाहीतर ते तुम्हालाच घेऊन जातं. माझी पाठ आजही ताठ आहे ती त्या कट्ट्यावर झाली. वस्तादांनी मला कधी बिचारा म्हटलं नाही आणि कधी शाबासकीही जास्त दिली नाही, इतर पोरांवर जसं ओरडायचे तसंच माझ्यावर ओरडायचे, आणि मला ते ओरडणं फार आवडायचं.

रॉड आणि प्लेटा आल्या त्यानंतर, नोकरीला लागल्यावर. गावात एक लोखंडाची व्यायामशाळा होती, दोन बेंच, दोन रॉड, भिंतीला मोठा आरसा. मार्केट यार्डात दिवसभर मी गादीवर बसून पट्टी लिहायचो आणि समोर हमाल मंडळी हळदीची पोती पाठीवर घेऊन चढवायची, उतरवायची. त्यांच्याकडनं मी एक गोष्ट बघून बघून शिकलो. जुना हमाल पोतं कधी झटक्यानं उचलत नाही. आधी जागा बघतो, पाऊल बघतो, श्वास सोडत वर येतो, आणि आज अंगात कणकण असेल तर सरळ सांगतो, "मी लाईनीत मागं राहतो." त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, कारण त्याला उद्याही यायचंय आणि परवाही.

बेंच प्रेसची माझी एक अडचण होती ती जरा तपशिलात सांगतो, कारण असा पाय असलेल्या कुणालातरी उपयोग होईल. बेंच मारताना माणूस दोन्ही पाय जमिनीत रोवतो आणि तिथनं जोर छातीपर्यंत येतो. माझा डावा पाय रोवला जायचा आणि उजवा नुसता लोंबकळायचा, कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधार, काढलं तर हलका आणि ठेवलं तर पोलाद आणि चामड्याचं ओझं एका बाजूला. परिणाम असा व्हायचा की कंबर डावीकडं पिळायची आणि रॉड तिरका वर जायचा, डावा हात आधी पोचायचा, उजवा मागनं. उजव्या पायाखाली पाट ठेवून बघितला, विटा ठेवून बघितल्या. शेवटी एका मित्रानं सुचवलं म्हणून दोन्ही पाय सरळ बेंचवरच घेतले, खाली एक स्टूल जोडलं आणि मांडीवरनं पट्टा बांधला. पायाचा जोर दोन्हीकडनं शून्य झाला, पण सारखा झाला. पहिल्याच दिवशी रॉड पातळीत वर गेला. वजन सुरुवातीला कमी करायला लागलं, पण खांद्याची कटकट गेली ती गेलीच.

फार नंतर मला कळलं की दिव्यांगांच्या पॉवरलिफ्टिंगमध्ये हीच पद्धत आहे. तिथं बेंच प्रेस हा एकच प्रकार असतो, बेंच लांब असतो, खेळाडूचे पाय बेंचवरच असतात आणि पट्ट्यानं बांधता येतात, रॉड छातीवर आणून थांबवायचा आणि दोन्ही हात सारखे सरळ करायचे. पंजाबचे राजिंदरसिंग रहेलू, त्यांनाही लहानपणी पोलिओ झालेला, त्यांनी २००४ ला अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये ५६ किलो गटात १५७.५ किलो उचलून ब्राँझ मिळवलं. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा मी चाळिशी पार केलेला माणूस, पण दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात सोनं जिंकले, त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ ला. सेहेचाळीस वर्षांनी. माझ्या तालमीतल्या दिवसांत मला त्यांचं नावसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं. कट्ट्यावर बसलेल्या पोराला ते नाव तेव्हा कळायला पाहिजे होतं असं मला आजही तळमळून वाटतं.

पन्नाशीच्या अलीकडं एक वेगळंच सुरू झालं. चांगला म्हणवला जाणारा डावा पाय जिना चढताना दमायला लागला, उजव्या मांडीत जे काही थोडंफार बळ होतं ते उतरायला लागलं, संध्याकाळी असा थकवा यायचा की जेवायला बसलं तरी घास नको वाटायचा, थंडी सोसेनाशी झाली. एका डॉक्टरनं सांगितलं, वय झालंय, व्यायाम पूर्ण बंद करा. मी ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर डोळ्यात पाणी आलं. मग मिरजेतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडं गेलो. त्यांनी कागदावर चित्र काढून मला जे समजावलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

पोलिओचा विषाणू स्नायूला हात लावत नाही. तो पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी मारतो, ज्या स्नायूला हुकूम देतात. मग ज्या पेशी वाचतात त्या आपले नवे फाटे फोडून, मालक गेलेल्या स्नायूतंतूंना दत्तक घेतात, म्हणून तर लहानपणी गेलेला पाय पुढं थोडाफार सुधारतो. पण एकेक पेशी मग कितीतरी पट तंतू सांभाळत असते. तीसचाळीस वर्षं हा जादा भार उचलल्यावर तिचे ते नवे फाटे गळायला लागतात आणि जुना अशक्तपणा नव्यानं येतो. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. बाई म्हणाल्या, "काका, तुमचे हात आणि पाठ पोलिओनं सोडलेत, त्यांना व्यायाम पाहिजेच. पण पाय दमेपर्यंत वापरायचा नाही. दमायच्या आधी थांबायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा राहिला तर आदल्या दिवशीचं जास्त झालं असं समजायचं."

इथं मला पहिल्यांदा कायमचं वजन उतरवायला लागलं. पायाला फक्त थोडंसं वजन, पाच-सहा वेळा, मग चांगली विश्रांती, मग परत, आणि मध्ये एक दिवस सुट्टी. जिममध्ये तोपर्यंतची सगळी शिकवण उलटी होती, थरथर येईपर्यंत मारा, शेवटचा एक रेप, म्हणजे शेवटचं एकदा उचलणं, पार्टनरनं धरून काढा. माझ्या पायाच्या बाबतीत तोच शेवटचा रेप नुकसानीचा होता. आणि खांद्याचंही तसंच, पण दुसऱ्या कारणानं. ज्याचे पाय कमजोर असतात त्याचे खांदे पायाचं काम करतात. खुर्चीतनं उठताना हातावर जोर, जिन्याला कठड्यावर जोर, काठीवर जोर, म्हणजे ढकलायचं काम दिवसभर चालूच असतं. मग जिममध्ये येऊन परत बेंचच मारत बसलं तर खांद्याचा सांधा पुढं ओढला जातो आणि आतले बारीक स्नायू घासतात. म्हणून मी बेंच कमी केला आणि ओढायचे व्यायाम वाढवले, बसून केबल रोइंग (केबल पोटाकडं ओढायची), लॅट पुलडाऊन पुढनं (वरचा दांडा छातीपर्यंत खाली ओढायचा), आणि रबर बँड दाराच्या कडीला अडकवून कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर फिरवणं. हा शेवटचा व्यायाम दिसायला काहीच नाही, कुणी त्याचा व्हिडिओ काढणार नाही, पण माझा खांदा टिकला तो त्यानं.

आता वयाचं. धडधाकट माणसाचाही स्नायू तिशीनंतर हळूहळू कमी होत जातो आणि साठीनंतर जास्त वेगानं. त्यातही झटकन काम करणारे तंतू आधी जातात, म्हणून म्हातारा माणूस चालू शकतो पण ठेच लागल्यावर स्वतःला सावरू शकत नाही. पडतो, खुब्याचं हाड मोडतं, अंथरुणाला खिळतो आणि मग बाकीचं सगळं बिघडत जातं. चालण्यानं हृदयाला फायदा होतो, आमच्या आमराई बागेत सकाळी चालणारी मंडळी बघून मला बरंच वाटतं, पण हे झटकन काम करणारे तंतू नुसत्या चालण्यानं फारसे जागे होत नाहीत. त्यांना वजन लागतं.

१९९० मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात बोस्टनमधल्या एका वृद्धांच्या संस्थेतला अभ्यास छापून आला होता, तो मला त्याच फिजिओ बाईंनी सांगितला. दहा माणसं, वय ८६ ते ९६. आठ आठवडे त्यांना मांडीच्या स्नायूंसाठी खरं वजन दिलं, म्हणजे जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि दोघांनी चालताना काठी सोडली. लोक हा आकडा ऐकून थक्क होतात, पण माझं लक्ष त्यातल्या दुसऱ्या आकड्यावर खिळलंय. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ३२ टक्के ताकद गेली. चार आठवडे. म्हणजे एका लग्नसराईत, किंवा एका "दिवाळी झाली की बघू" मध्ये. म्हणून मी दोस्तांना सांगत असतो, निम्मं लावा, पाव लावा, नुसता रॉड घ्या, पण बंद करू नका. कमी वजन लावणारा माणूस आणि वजन सोडलेला माणूस यांच्यात जे अंतर आहे ते नव्वदवाला आणि पंचेचाळीसवाला यांच्यातल्या अंतरापेक्षा फार मोठं आहे.

२०१९ च्या महापुरात आमची व्यायामशाळा बुडाली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही आत गेलो तर चिखल घोट्याच्या वर, ट्रेडमिल संपलेली, बेंचचं फोम फुगून फाटलेलं, आरसा पडून फुटलेला. प्लेटा मात्र जिथल्या तिथं, चिखलाखाली. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या बाहेर काढल्या, रस्त्यावर ओळीनं मांडल्या, पाईपनं धुतल्या, आणि तारेचा ब्रश आणि रॉकेल घेऊन बसलो. मला बसून करायचं काम बरं पडतं म्हणून मी घासत बसलो. गंजाची पहिली पूड नारिंगी निघते, मग तपकिरी, मग खालनं काळं लोखंड दिसायला लागतं आणि ब्रशचा आवाज बदलतो. काही जुन्या प्लेटांवरचे आकडे वाचता येईनात, म्हणून मी त्या पेढीवर नेऊन काट्यावर ठेवल्या. वीस किलो म्हणून आम्ही वर्षानुवर्षं जी उचलत होतो ती एक प्लेट एकोणीसच्याही खाली भरली, आणि एक दहाची साडेदहाला टेकली. पोरं चिडली, पण मला ते ऐकून बरं वाटलं. ज्या आकड्यासाठी माणसं घरी बसतात तो आकडा ओतणाऱ्यानं अंदाजे ओतलेला होता. स्नायूला आकडा वाचता येत नाही, त्याला फक्त ताण कळतो. त्या प्लेटांवर मग आम्ही रंग मारला आणि काट्यावरचं खरं वजन पांढऱ्या रंगानं लिहिलं. परत सुरू केलं तेव्हा सगळ्यांचंच वजन उतरलेलं होतं, पंचविशीच्या पोरांचंसुद्धा, आणि त्या महिन्यात कुणालाच कुणाची लाज वाटली नाही.

सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमध्ये वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात रौप्य मिळवलं ते अख्ख्या गावानं टीव्हीवर बघितलं. वडिलांची पानपट्टी, चहाचा गाडा, त्यातनं वर आलेला पोरगा. एकूण २४८ किलो, आणि सोनं गेलं २४९ ला. क्लीन अँड जर्कच्या (रॉड आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर) दुसऱ्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्याला आला. मी तेव्हा उठून उभा राहिलो होतो, मनापासून सांगतो, छाती भरून आली होती. पण जिममध्ये दुसऱ्या दिवशी पन्नाशीचा एक गडी दुखऱ्या खांद्यानं जड वजन घेऊन "संकेतनं घेतलं की" म्हणाला तेव्हा मी त्याला थांबवलं. एकवीस वर्षांचा पोरगा देशाच्या पदकासाठी एका दिवशी दुखऱ्या हातानं उभा राहतो, त्याच्यामागं कोच असतो, डॉक्टर असतो. आपली स्पर्धा तशी नाही. आपल्याला वयाच्या ऐंशीव्या वर्षी संडासातनं हात न धरता उठायचंय. मला तर हीच स्पर्धा मोठी वाटते.

आमच्या घरात दुसरी उचलणारी आमची सौ. तिनं एकसष्टाव्या वर्षी सुरू केलं. अंगणात पाय घसरला, हात टेकला, मनगट मोडलं, प्लॅस्टर निघाल्यावर कळशी उचलेना. म्हणाली, "अहो, तुम्ही एकटेच काय उचलता, मलाही दाखवा की." पहिल्यांदा खुर्चीतनं हात न लावता उठबस, मग हातात पाण्याच्या बाटल्या, मग दोन किलोचे डंबेल्स, आणि मग एक दिवस माझ्याबरोबर जिमला. पदर खोचून, पायात बूट. बायकांचं हाड पाळी गेल्यावर फार लवकर विरळ होतं आणि हाडाला मजबूत राहायचं कारण द्यायला लागतं, ते कारण म्हणजे वजन. भरलेला गॅस सिलेंडर तीस किलोच्या आसपास भरतो, आत गॅसच १४.२ किलो, वर टाकीचं वजन. तो ती आज उचलत नाही, पण तिरका करून गोल गोल फिरवत ओट्याखाली सरकवते, कुणाची वाट बघत नाही. तिच्या मैत्रिणी विचारतात, या वयात हे काय. ती त्यांना खुर्चीवर बसवते आणि म्हणते, हात न लावता उठून दाखव. त्यातल्या दोघी आता येतात.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडं मोठ्या माणसाला दर किलो वजनामागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, वय झालेल्या माणसाला एक ते १.२ ग्रॅम लागतं असं त्यातले जाणकार म्हणतात, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारूनच. आम्ही मटकीची उसळ, शेंगदाण्याचा कूट, दही, अंडी एवढ्यावर भागवतो, प्रोटीन पावडरचा डबा-बिबा काही घेत नाही. संध्याकाळी नुसता भडंग खाऊन पोट भरण्यापेक्षा त्यात मूठभर शेंगदाणे जास्त आणि बरोबर ताक, एवढी साधी गोष्ट. बीपीची गोळी चालू असणाऱ्यानं दम कोंडून वजन मारायचं नाही, वर नेताना तोंडानं श्वास सोडायचा. हे सगळ्यांना माहीत असतं आणि शेवटच्या दोन रेपला सगळे विसरतात.

अलीकडं जिममध्ये एक पोरगा येतो, आटपाडीकडचा, डावा हात कोपराखाली नाही. कडबाकुट्टी यंत्रात गेला. त्याला कुणीतरी सांगितलं तिथं एक पायवाले काका आहेत, ते दाखवतील. त्याच्याच तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ ला पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटर टाकून रौप्य आणलंय, त्याच्याही एका हाताला लहानपणीच्या अपघातात इजा झालेली. त्यामुळं या पोराला नाव सांगायला लागलं नाही, तोच मला सचिनबद्दल सांगत होता, आणि मला खूप समाधान वाटलं. आम्ही त्याच्या दंडाला कॅनव्हासचा रुंद पट्टा बांधतो, पट्ट्याला हूक, हूकला केबल, आणि तो दोन्हीकडनं ओढतो. उजव्या बाजूला जेवढं, त्याच्या निम्म्यानं डावीकडं सुरुवात केली. त्याची अडचण ही झाली की मशीनची पायरीच पाच किलोची. पाचवरनं एकदम दहा. धडधाकट पोराला चालतं, या हाताला चालत नाही.

माझी अडचण तीच होती आणि वय झालेल्या प्रत्येकाची तीच असते. जिममध्ये सगळ्यात छोटी प्लेट अडीच किलोची. दोन्हीकडं लावली की पाच किलोची उडी. साठीनंतर शरीर पाचाच्या उड्या मारत नाही, ना वर ना खाली. आज चाळीस जड जातंय म्हणून पस्तीसवर यायला लागतं, आणि माणसाला वाटतं आपण एकदम पडलो. खरं तर एकोणचाळीस जमलं असतं. इतक्या लोकांनी या एका कारणानं व्यायाम सोडलाय की प्रत्येक जिममालकानं हे ऐकावं असं मला कळकळीनं वाटतं.

मी त्यावर उपाय केलाय. इथल्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवाल्याकडनं अर्ध्या अर्ध्या किलोच्या चकत्या करून घेतल्या. रॉडला दोन्हीकडं एकेक लावली की एक किलो वाढतं, काढली की एक किलो उतरतं. त्या पोरासाठी केबल मशीनमधल्या वजनांच्या चळतीच्या पिनेला अडकवायला तशीच एक, खाच पाडून. तुम्हाला करायच्या असतील तर माप लिहून घ्या: दहा एमएम जाडीची साध्या पोलादाची प्लेट, व्यास ९५ एमएम, मध्ये ३० एमएमचं भोक, वजन जवळजवळ बरोबर ५०० ग्रॅम भरतं. आपल्याकडच्या साध्या रॉडला हे भोक चालतं, पण रॉड घेऊनच जा आणि घालून बघा, कारण रॉडांची जाडी सारखी नसते, आणि ऑलिम्पिक रॉड असेल तर भोक ५० एमएमच्या वर लागतं, मग व्यास वाढवून घ्यावा लागेल. कडा घासून गोल करायला सांगा, नाहीतर हाताला लागतात. चार करून घेतल्या तर पुरतात. आणि वजन काट्यावर स्वतः बघून मग पैसे द्या.